समई आणि ओवी

उपासनेला नवे रूप द्यायचे म्हटले, की आपल्या भाविकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. वाडवडिलांनी जपलेले काही हातचे निसटणार तर नाही ना? ही शंका मी हसण्यावारी नेत नाही.

वास्तविक महाराष्ट्राला हा विचार नवखा नाही. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' मांडला. पुण्यात १९२७ साली ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम उभा राहिला. १९७२ पासून तिथे अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनींनी एकत्र आश्रमजीवन जगून दाखविले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर, १९६९ साली, रोमने भारतासाठी बारा मुद्द्यांना संमती दिली. पादत्राणे बाहेर ठेवणे, जमिनीवर बसणे, पंचांग प्रणाम, आरती, तेलाची समई हे सारे त्यांत आले.

कुरवंडे येथे, नागफणीच्या सान्निध्यात, काही कुटुंबांच्या प्रार्थनादिनी अशीच मिस्सा झाली. चटई, समई, टाळ, मृदंग. मला प्रसन्न वाटत होते. मिस्सेनंतर नगरकडच्या एक वृद्ध बाई धर्मगुरूंना म्हणाल्या, "फादर, माझ्या आजीला देवळाच्या पायरीवर चढू देत नसत. आत समईच तेवत असायची. मला तुमची मेणबत्तीच बरी."

सारे स्तब्ध झाले. फादरांनी वाद घातला नाही. "आजी, तुमच्या घरी काय गात?" एवढेच त्यांनी विचारले. बाई क्षणभर थांबल्या आणि जात्यावरच्या चालीत त्यांनी येशूची एक ओवी म्हटली. मग दुसरी. हळूहळू इतर बायकांनीही सूर धरला.

भारतीयीकरण करताना भारत कोणाचा, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. एकाला जे पावित्र्य वाटते, त्यात दुसऱ्याला जुन्या अपमानाची झळ लागू शकते. म्हणून समई टाकून द्यावी असे मी म्हणणार नाही. पण ती कोणी कोणासाठी लावली, हे पाहावे लागेल. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले ते ओवीतच. लोकांच्या ओठी असलेल्या छंदात त्यांनी प्रभूची कथा सांगितली.

उपासनेचे नवे रूप समितीने ठरवून भाविकांच्या हाती द्यावयाची वस्तू नव्हे. जे आजवर पायरीखाली उभे राहिले, त्यांना आधी बोलू द्यावे. ख्रिस्तप्रसादाच्या मेजावर पहिले पान त्यांचेच आहे.