लेकरं कुणाजवळ आहेत?

माझा धाकटा भाऊ शारजाला नोकरीला आहे. मागच्या हिवाळ्यात तो, भावजय आणि त्यांची दोन लेकरं दुबईहून सुटणाऱ्या एका क्रूझ जहाजावर आठवडाभर फिरून आली. ईदला आम्ही सगळे लातूरला जमलो तेव्हा मोबाइलवर जहाजाचे व्हिडिओ फिरले. आमच्या घरात जहाज म्हटलं की हजचं जहाज. मुंबईहून जिद्दाला हाजींना नेणारी जहाजं १९९५ साली बंद झाली, पण आमच्या मोठ्यांच्या बोलण्यात ती अजून चालू आहेत. त्यामुळे जहाजावर दुकानं, नाचगाणी आणि पोहायचा हौद असतो हे अम्मीला पटेचना. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या बाईनं तो हौद दोनदा मागे नेऊन पाहिला यात नवल नाही.

मग अम्मीनं विचारलं, "इस फोटू में बच्चे कां हैं?"

"क्लब में थे, अम्मी," भावजय म्हणाली. "दोपहर को दो घंटे वहाँ छोड़ती थी, मैं सो जाती थी."

"परायों के हवाले करके सो गई?"

भावजय उठून चहा ठेवायला गेली. नऊ वर्षांत दुपारची सलग दोन तास झोप पहिल्यांदा मिळाली, असं तिनं मला ओट्यापाशी हळूच सांगितलं. चोरी कबूल करावी तसं.

मी शिक्षिका. इतकी वर्षं वर्गावर गेल्यामुळे मला तिच्या झोपेइतकाच त्या क्लबच्या कारभारात रस होता. तिला खोदून खोदून विचारलं, मग दोन-तीन जहाज कंपन्यांचे नियमही वाचून काढले. एमएससी कंपनीच्या जहाजांवर मुलांचे वयाप्रमाणे गट असतात: तीन वर्षांखालचे, ३ ते ६, ७ ते ११, १२ ते १४ आणि १५ ते १७. तान्ह्यांच्या विभागासाठी चिको आणि मोठ्यांच्या खेळांसाठी लेगो या कंपन्यांशी त्यांनी करार केलेला आहे. रॉयल कॅरिबियन आणि डिस्ने यांच्या जहाजांवर मुख्य क्लबात यायला मूल किमान तीन वर्षांचं आणि डायपर सुटलेलं लागतं. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर रात्री दहापर्यंत या सोयीचे वेगळे पैसे नसतात, दहानंतर तासाप्रमाणे आकारणी होते.

आत काय चालतं? हस्तकला, नाच, गोष्टी, खजिन्याचा शोध, छोटे विज्ञानाचे प्रयोग. आमच्या अंगणवाडीच्या ताईही यातलं बरंच करतात, फक्त त्यांच्याकडे रंगीत कागद पुरत नाही. मोठ्या मुलांच्या विभागात व्हिडिओ गेम असतात, ते मला आवडलं नाही. एवढा समुद्र बाहेर असताना लेकरानं पुन्हा पडद्यालाच का चिकटावं?

पण मला थांबवलं ते दारापाशी होणाऱ्या नोंदीनं. पहिल्या दिवशी आईबापांनी फॉर्म भरायचा. मुलाला काय खाऊन त्रास होतो, कोणतं औषध चालू आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे न्यायला कोण येणार. ज्याचं नाव लिहिलंय त्याच्याच हातात मूल द्यायचं. बऱ्याच जहाजांवर मुलाच्या मनगटाला पट्टा बांधतात आणि त्यावर संकटाचा भोंगा वाजल्यास त्या कुटुंबानं कुठं जमायचं त्या जागेचा क्रमांक असतो. आईबापांनासुद्धा वाटेल तेव्हा आत जाऊन बसता येत नाही. डिस्नेच्या जहाजांवर त्यासाठी ठरावीक खुली वेळ असते, कारण आत असलेला प्रत्येक मोठा माणूस तपासलेला हवा. भावजयीनं फॉर्मवर लिहिलं होतं: डुकराचं मांस नाही, जिलेटिन असलेल्या गोळ्या नाहीत. खाऊच्या वेळी तिच्या लेकराला वेगळी बिस्किटं मिळाली. आपल्याकडे एखाद्या वाढदिवसाला हे सांगायचं म्हटलं तर चार जणी तोंड वाकडं करतात.

आपण लेकराला अमानत म्हणतो. उधारीचा व्यवहार असेल तर तो लिहून ठेवा, असं कुरआनात सांगितलंय, आणि पैशाच्या बाबतीत आपण ते पाळतोही. लेकराच्या बाबतीत मात्र आपलं सगळं तोंडी. लग्नाच्या मांडवात चार वर्षांचं पोर नवरदेवाच्या गाडीपाशी उभं असतं. कुणाचं म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "है ना सब लोगां." कंधारच्या उरुसात किंवा आमच्या लातूरला सूरत शहावलीच्या उरुसात पाळणे आणि भज्यांच्या गाड्यांच्या आवाजात मधूनच लाउडस्पीकरवर पुकारा होतो, अमुक रंगाचा शर्ट घातलेलं मूल सापडलंय, ज्याचं असेल त्यानं यावं. त्या मुलावर घरच्या दहा जणांचं लक्ष असतं, आणि प्रत्येकाला वाटत असतं की ते दुसऱ्याजवळ आहे.

अम्मीचं म्हणणं तसं जुनंच आहे. घरचं माणूस ते घरचं, पगारी ते परकं. बीएडला असताना ताराबाई मोडकांविषयी वाचलं होतं. १९४५ साली त्यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढं अनुताई वाघांबरोबर कोसबाडला आदिवासी पाड्यांत काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. तेव्हाही ही शहरातून आलेली बाई आमच्या लेकरांना कुठं बसवते, असं कुणाला तरी वाटलंच असणार. लहान मुलाला सांभाळणं हे शिकून करायचं काम आहे, ही गोष्ट मराठी मुलखाला नवी नाही. सुट्टीवर गेलेल्या आईलाही त्याची गरज असते, एवढंच आपल्याला अजून मान्य नाही.

सुट्टीचं सोडा, कामावर असलेल्या आईचं तरी काय? माझा मुलगा सात महिन्यांचा असताना मला निवडणुकीच्या प्रशिक्षणाला जावं लागलं. सासूबाई त्याला घेऊन मैदानातल्या लिंबाखाली बसल्या. तिथं अशा सात-आठ सासवा आणि आया बसलेल्या होत्या, कुणाच्या मांडीवर नात, कुणाच्या खांद्यावर भाचा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्यात ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झालं. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आले. तरी लिंबाखालच्या त्या बायका अजून दिसतात.

आता फुफीविषयी सांगते. अब्बांची ही थोरली बहीण. तरुणपणीच शोहर गेले तेव्हापासून आमच्याकडे. आम्ही भावंडं तिच्या हाताखाली वाढलो, मग आमची लेकरं. साधारण वीस वर्षांपूर्वी सगळं कुटुंब दोन जीपगाड्या करून खुलताबाद आणि तेव्हाच्या औरंगाबादला गेलं होतं. अकरा लेकरं होती. त्या सहलीचा अल्बम मी ईदच्या दुसऱ्या दिवशी काढला. बीबी का मकबऱ्यासमोर आम्ही सगळे आहोत, पाणचक्कीच्या हौदापाशी आहोत. फुफी कोणत्याच फोटोत नाही. मी तिला विचारलं, तेव्हा तू कुठं होतीस? ती म्हणाली, बाहेर झाडाखाली, झोपलेल्या तीन पोरांजवळ आणि तुमच्या चपलांजवळ. मकबरा आतून कसा आहे हे तिला आजही माहीत नाही. तिला त्याचं काही वाटतही नाही, निदान तसं ती म्हणते.

म्हणजे आमच्या सहलीतही बच्चा क्लब होताच. एका बाईचा, फॉर्म नसलेला, वेळ नसलेला. आपण त्याला घरचं प्रेम म्हणत होतो. ते प्रेम होतंच, मी नाकारत नाही. पण प्रत्येक कुटुंबात हे प्रेम नेमकं विधवा फुफी, बिनलग्नाची खाला किंवा सगळ्यात धाकटी सून यांच्याच वाट्याला का येतं, हे कुणी विचारत नाही. भावजयीवर "परायों के हवाले" म्हणून बोट ठेवणं सोपं होतं, कारण तिनं लेकरं जिच्याकडे दिली तिला पगार होता.

त्या पगाराचीही एक बाजू आहे. भावजयीनं सांगितलं, क्लबातली एक मुलगी गोव्याची होती, कोकणी ऐकून भावजयीनं मराठीत बोलणं सुरू केलं आणि दोघींचं जमलं. तिचा स्वतःचा मुलगा गावी नानीजवळ. जहाजावरचे करार कित्येक महिन्यांचे असतात, तोवर ती त्याला मोबाइलवरच पाहते. गोव्यात जहाजावर जाणाऱ्याला तार्वटी म्हणतात, पिढ्यान् पिढ्या पुरुष जात आले, आता मुलीही जातात. दुसऱ्यांची लेकरं सांभाळायला ती समुद्रावर, आणि तिचं लेकरू सांभाळायला तिची आई घरी, बिनपगारी. ही साखळी कुठंतरी पुन्हा एका फुफीपाशीच येऊन थांबते. भावजयीला दोन तास झोप मिळाली याचा मला आनंद आहे, पण ही गोष्ट ऐकल्यापासून तो पहिल्यासारखा सरळ राहिलेला नाही.

फुफी हे सगळं ऐकत होती. तसबीह ठेवून तिनं विचारलं, "उन लोगां को पगार मिलता?"

"हौ फुफी, मिलता."

"और छुट्टी?"

"वो भी."

"अच्छा है," म्हणाली आणि पुन्हा तसबीह घेतली. अम्मी काहीच बोलली नाही. नणंद-भावजयीचं चाळीस वर्षांचं सोबत राहणं आहे. त्यांच्यात काय बोललं जातं आणि काय नाही, ते आम्हाला कळत नाही.

या मेमध्ये आम्ही पुन्हा खुलताबादला जाणार आहोत. आता लेकरं नऊ आहेत. क्रूझचा खर्च शिक्षकाच्या पगारात बसत नाही, पण जहाजावरचा दारापाशीचा नियम फुकट आहे. नांदेडला परतल्यावर मी वहीच्या पानावर तक्ता केला, शाळेत करतो तसा. दोन-दोन तासांच्या पाळ्या, एका पाळीला दोघं मोठे, त्यातला एक पुरुष. पाळी बदलताना लेकरं मोजून द्यायची, मोजून घ्यायची. लहानांच्या मनगटावर पेनानं बापाचा मोबाइल नंबर. घरच्या ग्रुपवर तक्ता टाकला तेव्हा मोठ्या दुल्हाभाईंनी लिहिलं की गाडी चालवणाऱ्याला पाळी कशाला. त्यांना दुपारची पाळी दिली, तेव्हा गाडी उभीच असते. भावानं शारजाहून लगेच दोन पाळ्या मागून घेतल्या. तो येणार की नाही हे अजून नक्की नाही, त्यामुळे त्याच्या औदार्यावर मी फार विसंबलेले नाही.

पुढच्या रविवारी लातूरला गेले. फुफीनं तो कागद माझ्याकडून वाचून घेतला, पूर्ण. मग म्हणाली, "इस में मेरा नाम किदर है?"

मी म्हटलं, तुझं नाव मुद्दामच घातलेलं नाही. तिला ते मुळीच आवडलं नाही. संध्याकाळभर माझ्याशी कमी बोलली. शेवटी खुलताबादच्या मुक्कामातली मगरिबनंतरची एक पाळी तिला दिली, जोडीला अम्मी. मकबऱ्याच्या वेळेला माझं आणि दुल्हाभाईंचं नाव आहे. तिकीट फुफीचं आणि भावजयीचं.