अक्काची सुरी

गेल्या महिन्यात लातूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, आईजवळची सुरी काढून घेतलीय. बोट कापून घेतलं, तीन टाके पडले. आता मीच चिरलेली भाजी आणून देतो." अक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, म्हणजे ऐंशीला टेकलेली. फोन तिच्या हाती गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भाजी चिरायचीसुद्धा बंद केली रे माझी." रात्री मला नीट झोप लागली नाही.

दोन दिवसांनी एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठलं. कपाटावर ठेवलेली सुरी उतरवून टोमॅटोवर चालवून पाहिली. साल कापली जाईना, टोमॅटो नुसता दबला. जोर लावला तशी सुरी सर्रकन घसरली. तेव्हा उलगडा झाला. दोष अक्काच्या हाताचा नव्हता, सुरीचा होता. धारेला भ्यायचं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण बोथट सुरीला जोर लागतो, आणि जोरात घसरलेली सुरी कुठे जाईल याचा नेम नाही. कांदासुद्धा ती कापण्याऐवजी चेचते, म्हणून डोळ्यांना पाणीही जास्त.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. विळी असायची आणि सायकलच्या पायट्यावर दगडी चाक फिरवणारा धारवाला दारावर यायचा. अक्काचे गुडघे गेले, विळी माळ्यावर गेली आणि ओट्यावर सुरी आली. तिसऱ्या मजल्यावर धारवाल्याची आरोळी ऐकू येत नाही.

नांदेडला परतलो. धारेच्या बाबतीत आमचं गाव काही साधंसुधं नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजी इथेच ज्योतीज्योत समावले. सचखंड गुरुद्वाऱ्यात आजही शस्त्रं जपून ठेवलेली आहेत. शस्त्रं घडवणारे, त्यांना पाणी देणारे शिकलगार शीखही इथले. 'शिकलगार' हा शब्द अरबी 'सैकल'वरून आलेला, म्हणजे घासून लखलखीत करणं. गुरुद्वाऱ्याजवळ कृपाणं विकणाऱ्या एका ओळखीच्या म्हाताऱ्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "गुरुजी, धार लावण्यापेक्षा राखणं सोपं. आठवड्याला दोन हात फिरवा, वर्षातून एकदा घासत बसू नका."

मग दुकानं पालथी घातली. चार प्रकार दिसले. पहिला धारेचा दगड. धार सगळ्यांत चांगली यावरच येते, पण पातं दोन्ही बाजूंनी साधारण १५ ते २० अंशांच्या कोनात धरून ठेवावं लागतं. थरथरत्या हाताला ते कसं जमावं? दुसरी पोलादी सळई. ती नवी धार काढत नाही, दुमडलेली कड फक्त सरळ करते. शिवाय सुरी हवेत फिरवायची, म्हणजे आमच्या वयाला नकोच. तिसरं विजेवर चालणारं यंत्र. काम झटपट, पण आवाज मोठा आणि जरा जास्त वेळ धरलं की पातं झिजतं. चौथं खाचांचं. खाचेत सुरी घालून आपल्याकडे ओढायची, बस्स.

हे चौथं पाहिलं आणि वर्गातलं टोकयंत्र आठवलं. ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढायला हात बसावा लागतो, टोकयंत्रात कोन आधीच ठरलेला. पहिलीतलं पोरही करतं. तसंच हे. जास्त दाबलं की शिसं मोडतं, तोही नियम दोन्हीकडे सारखाच.

तरी पहिल्या खरेदीत फसलोच. खाली रबरी वाटी असलेलं, ओट्याला चिकटणारं घेतलं. अक्काचा ओटा जुन्या शहाबादी फरशीचा, खरखरीत. वाटी चिकटेना. बदलून रुंद बैठकीचं, खाली रबराची पट्टी आणि पकडायला लांब मूठ असलेलं आणलं. धरणारा हात खाचेपासून चांगला वीतभर दूर राहतो. खाली ओलं फडकं टाकलं की हलत नाही.

अक्काला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. खरखरीत खाच फक्त सुरी अगदी बोथट झाल्यावर, एरवी बारीक खाच. तीन-चार वेळा हलक्या हातानं, मुठीकडून टोकाकडे. एकाच दिशेनं, करवतीसारखं मागे-पुढे नाही. नंतर पातं पुसून घ्यायचं, लोखंडाचा कीस भाजीत जायला नको. पावाची दातेरी सुरी यात घालायची नाही.

तिनं सुरी ओढली, पुन्हा ओढली. टोमॅटो पुढ्यात घेतला. पातं सालीत आपसूक उतरलं. भाचा दारात श्वास रोखून उभा होता. अक्कानं त्याच्याकडे न बघता अख्खा टोमॅटो चिरला आणि म्हणाली, "आता तुझी ती चिरलेली भाजी आणू नकोस. शिळी असते."

परवा तिचा फोन होता. माळ्यावरची विळीही काढायची म्हणते. पाटावर बसवलेलं ते वाकडं पातं या खाचांतून ओढता यायचं नाही, त्यासाठी धारवालाच हवा. लातुरात कुणाच्या गल्लीत अजून येत असेल तर जरूर कळवा.