वळिवड्याचे परदेशी शेजारी

कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागात घरात लग्न निघाले की बस्ता बांधायला गांधीनगरला जायचे, हे ठरलेलेच असते. वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळजण तेथे जाऊन आले असतील. शालू, आहेराच्या साड्या, टॉवेल-टोप्या घेऊन आणि भाव करून करून घसा कोरडा करून परत फिरला असाल. आम्ही उभयताही गेल्या वैशाखात पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेलो होतो. गाठोडी बांधून झाली तरी ऊन उतरले नव्हते. म्हणून एका हॉटेलात चहाला बसलो.

बोलता बोलता मी हिला म्हणालो, "आपण बसलोय ना, या भागात एके काळी पाच हजार गोरी माणसं राहत होती."

"इंग्रज?"

"नव्हे. पोलंडची. बहुतेक बायका आणि पोरं."

"अहो, मग त्यांचे दादले कुठं होते? आणि एवढ्या लांब कशाला आल्या त्या?"

प्रश्न अगदी सरळ होता, पण उत्तर चहाच्या कपात मावणारे नव्हते. ते येथे सविस्तर सांगतो. आपल्या उंबऱ्यापाशी घडलेली ही हकिगत आपल्या मुलाबाळांना माहीत असावी, असे मला वाटते.

पोलंड हा युरोपातला देश. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून त्याच्यावर हल्ला केला आणि दुसरे महायुद्ध पेटले. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशियाचे सैन्य आत शिरले. दोन बाजूंनी देश वाटून घेतला गेला. पूर्व भागात पुष्कळ शेतकरी कुटुंबे होती. त्यांतील काही जुन्या सैनिकांची होती. त्यांना लष्करातील नोकरीबद्दल तेथे जमिनी मिळाल्या होत्या. या लोकांवर नव्या राज्यकर्त्यांचा पहिला डोळा.

१० फेब्रुवारी १९४०. कडाक्याची थंडी, गुडघाभर बर्फ. पहाटेच्या अंधारात दारावर बंदुकीचे दस्ते आपटले. सामान आवरायला थोडासा वेळ मिळाला, कुठे अर्धा तास, कुठे तोही नाही. गोठ्यात गाई बांधलेल्या, कणगीत धान्य भरलेले. हातात येईल ते गाठोड्यात बांधून माणसे घराबाहेर पडली. गुरे वाहून नेण्याच्या रेल्वेच्या डब्यांत त्यांना कोंबले आणि आठवडे न् आठवडे प्रवास करून उत्तर रशियात, सायबेरियात नेऊन सोडले. तेथे जंगलतोड. पुढच्या फेऱ्यांतील अनेकांना कझाकस्तानच्या सामुदायिक शेतांवर पाठवले. भुकेने, थंडीने आणि तापाने किती माणसे गेली! आईबापांविना राहिलेली मुले तर असंख्य.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच चढाई केली, तेव्हा पारडे फिरले. रशिया आणि लंडनमध्ये आश्रयाला असलेले पोलंडचे सरकार यांच्यात करार झाला. कैदेतील पोलिश लोकांना सोडून जनरल ॲंडर्स यांच्या हाताखाली त्यांची फौज उभी करण्याचे ठरले. १९४२ साली ही फौज कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. तिच्या मागोमाग बायका, मुले, म्हातारी माणसेही आली. पुरुष लढाईवर जाणार, पण या मागच्या लटांबराचे काय करायचे? कोणी आफ्रिकेत गेले, कोणी मेक्सिकोत, कोणी न्यूझीलंडमध्ये. काही हिंदुस्थानात आले. जामनगरच्या महाराजांनी, दिग्विजयसिंहजींनी, शेकडो मुलांना आपल्या संस्थानात बालाचडी येथे आश्रय दिला. आणि १९४३ साली सर्वांत मोठी वसाहत झाली ती करवीर संस्थानात, पंचगंगेच्या काठच्या वळिवडे गावाजवळ. रेल्वेची लाईन शेजारून जात होतीच. सुमारे पाच हजार माणसांची ही वस्ती १९४८ पर्यंत टिकली.

हे सगळे ऐकून झाल्यावर हिने विचारले, "राहायची सोय काय होती? चुली कुठं मांडल्या?"

बायकांचा प्रश्न पहिल्यांदा चुलीचाच असतो आणि तो बरोबरच असतो. एकेका लांबलचक बराकीत अनेक बिऱ्हाडे. वर कौले, बाजूंना तट्ट्याच्या भिंती. प्रत्येकाला राहण्याची जागा, पुढे ओसरी आणि स्वयंपाकाची सोय. एका मोठ्या भटारखान्यातून सगळ्यांना वाढण्याची पद्धत तेथे नव्हती. माणशी ठरलेला भत्ता मिळे आणि ज्याने त्याने आपला बाजारहाट करून घरी रांधायचे. तीन वर्षे दुसऱ्याने टाकलेल्या तुकड्यावर जगलेल्या बाईला आपली चूल, आपले भांडे आणि आपल्या हातची चव परत मिळाली, याचे मोल तुम्हाला वेगळे सांगायला नको.

पण चूल मिळाली तरी सगळे जमले असे नाही. त्यांच्या देशात राय नावाचे धान्य पिकते. आपली मोहरी नव्हे, हे गव्हाच्या कुळातले. त्याचा काळसर, जाड पाव, बटाटे, कोबी, बीट हे त्यांचे रोजचे खाणे. इथे ज्वारीची भाकरी आणि तिखटजाळ कोल्हापुरी रस्सा! तिकडे बर्फ, इकडे वैशाखाचे ऊन आणि मग आषाढाची झड. साप-विंचू त्यांनी कधी असे घराशेजारी पाहिले नव्हते. भाषेचा तर गंधही नव्हता. तरी शेजार जमला. पोरे चार मराठी-हिंदुस्थानी शब्द शिकली आणि त्यांच्याशी देवघेव करता करता आपल्याकडचे दुकानदार, फेरीवाले पोलिश बोलायला लागले. शाळेचे तोंड न पाहिलेला माणूसही गिऱ्हाइकासाठी भाषा शिकतो, हे आपण बाजारात बघतोच.

वस्तीत त्यांनी काय काय उभे केले ते पाहा. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, इस्पितळ, चर्च, अनाथ मुलांसाठी वसतिगृह, नाटकासाठी रंगमंच. बालवीरांची पथके होती. ही मुले पन्हाळ्यावर शिबिराला जात. क्षयाच्या रोग्यांना पाचगणीच्या हवेत ठेवत. बायका भरतकाम करीत. आपल्या देशाचे रंगीत पोशाख शिवून मुलींना लोकनृत्ये शिकवीत. मुलांनी आपली भाषा विसरू नये, परत गेल्यावर त्यांना आपल्या मातीत परके वाटू नये, एवढाच त्यामागे ध्यास.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या वसाहतीचा खर्च पोलंडच्या लंडनमधील सरकारने उचलला होता. व्यवस्था इंग्रज सरकारच्या देखरेखीखाली होती. मग कोल्हापूरने काय दिले? जागा दिली आणि शेजार दिला. ते साल १९४३ आहे हे लक्षात घ्या. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. देशात सगळीकडे धान्याची ओढाताण होती. आपलाच देश पारतंत्र्यात. अशा दिवसांत पाच हजार परकी माणसे शेजारी येऊन राहिली आणि सुखाने राहिली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता हिचा पहिला प्रश्न, दादले कुठे होते? ते इटलीत लढत होते. मे १९४४ मध्ये मोंते कासिनो नावाचा डोंगरावरचा मठ पोलिश फौजेने सर केला. त्यात त्यांची फार माणसे पडली. त्याच इटलीत, त्याच आठव्या सैन्यात, आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या. आजच्या रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तेथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मनात चित्र उभे करा. वळिवड्याच्या बराकीत एक पोलिश बाई इटलीहून येणाऱ्या पत्राची वाट बघत बसली आहे. आणि चार कोसांवरच्या एखाद्या गावात, सारवलेल्या ओसरीवर, एक मराठी माउली त्याच इटलीहून येणाऱ्या पत्राची वाट बघते आहे. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पण पोस्टमन दिसला की काळजात होणारी धडधड दोघींची एकच.

त्यांच्या चालीरीती वाचताना मला वेळोवेळी आपल्या घराची आठवण झाली. नाताळच्या आदल्या रात्री पोलंडमध्ये जेवणाच्या मेजावरच्या कापडाखाली थोडे वाळलेले गवत पसरतात. मग घरातील सगळे एक पातळ पापुद्र्यासारखी भाकरी मोडून एकमेकांना देतात आणि शुभ चिंततात, जशी आपण संक्रांतीला तिळगुळाची देवघेव करतो. खेड्यापाड्यांत त्या भाकरीचा तुकडा गोठ्यातील गुरांनाही भरवतात. त्या रात्री जनावरांना वाचा फुटते, अशी त्यांची समजूत आहे. बेंदराला बैलांना पुरणपोळीचा घास देणाऱ्या आपल्या घराला यात नवल वाटू नये. आणि मेजावर एक पान जास्तीचे मांडून ठेवतात, अवचित दारी येणाऱ्या पाहुण्यासाठी. पाहुणा घरी आला म्हणजे देव घरी आला, अशा अर्थाची म्हणच त्यांच्या भाषेत आहे.

हे ऐकून ही काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे दुसऱ्यासाठी पान मांडणारी माणसं आपल्या दारी पाहुणी म्हणून आली."

युद्ध १९४५ साली संपले. आता घरी जायचे! पण घर उरले कुठे होते? याल्टा येथे फेब्रुवारी १९४५ मध्ये मोठ्या राष्ट्रांच्या पुढाऱ्यांनी नकाशावर नव्या रेषा ओढल्या. पोलंडचा पूर्व भाग रशियाच्या राज्यात गेला. या लोकांची गावे, शेते, विहिरी, वाडवडिलांच्या कबरी सगळे परमुलखात. आज तो भाग युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनिया या देशांत आहे. काहीजण पोलंडला परतले. पुष्कळ जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पांगले. काही मुली येथल्या तरुणांशी लग्ने करून इथेच राहिल्या. काही माणसांनी कोल्हापूरच्या मातीतच कायमची विश्रांती घेतली. त्यांच्या कबरी आजही येथे आहेत.

आणि मग काय झाले ते ऐका. १९४७ साली आपल्या देशाची फाळणी झाली. सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना राहण्यासाठी हीच वळिवड्याची छावणी मिळाली. एका देशाच्या निर्वासितांनी रिकाम्या केलेल्या बराकीत दुसऱ्या मुलखाच्या निर्वासितांनी चुली मांडल्या. या सिंधी मंडळींनी हातात गजकाठी धरली आणि गावोगावचा कापडाचा धंदा उभा केला. तेच आजचे गांधीनगर. ज्या दुकानात आपण दहा रुपयांसाठी तासभर घासाघीस करतो, त्याच्या मालकाच्या आजोबांनीही एका रात्रीत घराला कुलूप लावले असेल, हे आपल्या मनात येत नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही कोल्हापुरात महावीर उद्यानात थांबलो. तेथे या पोलिश लोकांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आहे. तुम्हीही अंबाबाईच्या दर्शनाला गेलात की मुलांना तेथे घेऊन जा. सप्टेंबर २०१९ मध्ये, युद्धाच्या सुरुवातीला ८० वर्षे झाली तेव्हा, वळिवड्यात लहानपण काढलेली काही वृद्ध माणसे पोलंडच्या सरकारी पाहुण्यांबरोबर मुद्दाम येथे आली होती. आणि पोलंडची राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे फुले वाहिली. पाच वर्षांच्या शेजाराची आठवण त्या लोकांनी ऐंशी वर्षे सांभाळली.

घरी येईपर्यंत दिवेलागण झाली होती. गाठोडी उतरवताना ही एकदम म्हणाली, "आपल्या मळ्याच्या कडेला दर साली कोप्या पडतात. त्या बायकांची नावं तरी आपल्याला ठाऊक आहेत का?"

मला उत्तर देता आले नाही. दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. पाचट आणि ताडपत्रीची खोप, तीन दगडांची चूल, पहाटेच्या थंडीत फडात जाणारी बाई आणि उसाच्या बांधावर झोपवलेले मूल. वर्षातले चार-पाच महिने ही माणसे आपल्या बांधावर राहतात आणि आपण त्यांना मोजतो ते कोयत्यांनी. पोलंडच्या बायकांना आपल्या आजी-आजोबांनी शेजार दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. आपला अभिमान आपल्या बांधापर्यंत पोचतो का?

मोठे काही करायला नको. प्यायचे पाणी आपल्या बोअरचे भरू द्यावे. पोर आजारी पडले तर आपल्या गाडीवरून डॉक्टरकडे न्यावे. लिहिण्या-वाचण्याच्या वयाचे मूल असेल तर गावच्या शाळेत गुरुजींना सांगून बसवावे. आणि नाव विचारावे. यंदा दिवाळीनंतर खोपी पडल्या की पहिल्या दिवशी चार भाकरी आणि झुणका घेऊन जायचे, असे हिने ठरवले आहे. मी बरोबर जाणार आहे. तुमच्याही बांधावर कोणी येईलच.