जुनी जीप आणि डांगच्या आडवाटा



सुरत हे नाव मराठी मुलाच्या कानी प्रथम पडते ते शाळेतील इतिहासाच्या पुस्तकातून. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज या बंदरावर चालून आले, ते राजमार्गाने नव्हे. जव्हार आणि रामनगर, म्हणजे आजचे धरमपूर, या बाजूच्या रानातील आडवाटांनी. त्या प्रसंगी कापुचिन धर्मबंधू फादर अ‍ॅम्ब्रोस यांच्या निवासास महाराजांनी धक्का लागू दिला नाही, हे फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेविले आहे आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ते ठाऊकही असेल. आम्हांस या खेपेस सुरतेस जावे लागले ते लुटीसाठी अर्थातच नव्हे. एक लूट थांबविण्यासाठी. निदान आमच्या ताईचे म्हणणे तसे होते.

गोष्ट अशी. ताईचा धाकटा मुलगा हजीऱ्याच्या एका कारखान्यात फिटर आहे. चार वर्षे पोटाला चिमटा काढून त्याने अडीच लाख रुपये साठविले. त्या पैशांत घराचे जुने छप्पर उतरवून नवे घालावयाचे, असे मायलेकरांचे ठरले होते. दिवाळीच्या सुमारास बातमी आली की, चिरंजीव जुनी जीपगाडी घेत आहेत. कशासाठी? तर सुट्टीच्या दिवशी डांगच्या जंगलात हिंडण्यासाठी! ताईने डोळ्यांस पदर लावला आणि आम्हांस म्हणाली, “तू जा. तुझे तो ऐकेल. चार शब्द सांग त्याला.”

ते चार शब्द मनाशी जुळवीत आम्ही नोव्हेंबरातल्या एका पहाटेच्या गाडीने निघालो. भाचा स्टेशनावर आला होता. पाया पडला, हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, “मामा, आधी गाडी बघा. मग काय रागवायचे ते रागवा.” अशा वेळी मनुष्याने काय करावे? आम्ही गाडी पाहावयास गेलो.

उधना आणि लिंबायत हे सुरतेचे भाग म्हणजे जणू खानदेशचा एक तुकडा आहे. यंत्रमागांच्या खडखडाटात जळगाव-धुळ्याकडची बोली जागोजाग ऐकू येते. तेथील एका विक्रेत्याच्या आवारात ती जीप उभी होती. लाल रंग आरशासारखा, चाके बैलगाडीएवढी उंच, टपावर दिव्यांची रांग. किंमत दोन लाख चाळीस हजार. भाच्याचे डोळे तिच्यावरून हलेनात. सोबत धुळ्याकडचे एक वयस्क मिस्त्री होते. त्यांनी त्या रंगाकडे ढुंकूनही पाहिले नाही. खिशातून कागद व पेन्सिल काढली, चासीवर कोरलेल्या क्रमांकावर कागद धरून वरून पेन्सिल घासली आणि उमटलेला ठसा नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहिला. दोन आकडे जुळेनात. हरियाणात मंडी डबवाली नावाचे गाव आहे. तेथे जुन्या जिपांचे सांगाडे नव्याने बांधण्याचा मोठा धंदा चालतो. ही गाडीही तशीच कोठे तरी तीन गाड्यांची मिळून एक झालेली असावी, असे मिस्त्रींचे मत पडले. शिवाय कारखान्यातून निघालेल्या गाडीचे रूप वाटेल तसे बदलणे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाविरुद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली ते स्पष्ट केले आहे. विक्रेता हसून म्हणाला की, इतके कोण पाहतो? आम्हांस ते हसणे आवडले नाही. भाचा मुकाट्याने बाहेर आला. आमचे काम न बोलताच झाले असे वाटून आम्ही मनातून सुखावलो, हेही कबूल करावयास हवे.

परंतु मिस्त्रींच्या स्वतःच्या गॅरेजामागे दुसरी एक जीप होती. मातकट हिरवी, रंग उडालेली, महिंद्रची एम. एम. ५४०. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज कंपनीने जी जीप बनविली तिचेच हे वंशज. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी त्या जिपा मुंबईस जोडावयास घेतल्या आणि पुढे अवघ्या देशात पोलीस, वनखाते व लष्कर यांची ती गाडी झाली. या गाडीचे डिझेल इंजिन मूळ पूजो या फ्रेंच कंपनीच्या घडणीचे. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण उघडले. धूर जेमतेम होता. मग हातोडीने पायांखालचा पत्रा ठोकीत गेले. सुरतेच्या खाऱ्या दमट हवेत पत्रा आतून सडतो व वरून रंग दिला की दिसत नाही. दोन ठिकाणी आवाज भद्द आला. “एवढे बदलावे लागेल,” ते म्हणाले. दोष आपण होऊन सांगणारा विक्रेता आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिला. किंमत एक लाख पस्तीस हजार. नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्च निराळा. पूर्वी हे शुल्क ६०० रुपये असे, एप्रिल २०२२ मध्ये ते ५,००० झाले आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ मध्ये १०,००० वर गेले. जुनी गाडी स्वस्त असते हा समज किती खरा, ते यावरून कळावे.

भाच्याने आमच्याकडे पाहिले. ते चार शब्द ओठांवर होते. पण आम्ही म्हणालो, “आधी चालवून पाहू.” ताई, क्षमा कर.

मिस्त्रींनी दोन दिवस गाडी दिली. बारडोलीवरून व्याऱ्यापर्यंत सडक रुंद व गुळगुळीत; दोहों बाजूंस उसाचे मळे. व्याऱ्यापुढे दक्षिणेस भेंसकात्री गाठले आणि डांगचे रान सुरू झाले. या मुलखाविषयी मराठी मनात एक जुना सल आहे. येथील डांगी बोलीत मराठी, गुजराती व अहिराणी अशा एकमेकींत मिसळल्या आहेत की, १९६० साली राज्ये वेगळी होताना डांग कोणाचे यावर मोठा वाद झाला आणि अखेर ते गुजरातेत राहिले. तेथील माणसांना त्या वादाने काय मिळाले, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नसावा.

सागवानाची पाने नोव्हेंबरात पाहावयासारखी असतात. पावसाळ्याअखेरीस एक कीड पानातला हिरवा गर खाऊन टाकते आणि मागे नुसती शिरांची जाळी उरते. सारे रान विणलेल्या लेसीच्या पडद्याआड उभे आहे असा भास होतो. याच सागवानासाठी इंग्रजांनी १८४२ साली डांगच्या भिल्ल राजांशी करार केला. त्या राजांच्या वंशजांस आजही दर वर्षी होळीपूर्वी आहव्याच्या दरबारात सालियाना मिळतो. आम्ही जिला हौसेची आडवाट म्हणतो, तिच्यावर पूर्वी ओंडके ओढून नेत. रानातली वाट कोणी मौजेसाठी पाडीत नाही.

कालीबेलच्या बाजूस गाडीची खरी परीक्षा झाली. साध्या मोटारीत इंजिनाचे बळ दोनच चाकांस मिळते. जिपेत गिअरच्या दांड्याशेजारी आखूड दांडे असतात. त्यांनी पुढची चाकेही कामास लावता येतात, आणि वेग तोडून बळ वाढविता येते. चढावर भरल्या गाडीस आपण पुढे आणखी एक जोडी जुंपतो, तसेच हे. मात्र कोरड्या डांबरी सडकेवर ही पुढची जोडी सोडून द्यावी लागते, नाहीतर चाकेच एकमेकांस ओढू लागतात. भाचा हे सारे इतक्या समजुतीने करीत होता की, आम्ही चकित झालो. पाण्यात शिरण्यापूर्वी तो खाली उतरला, काठीने तळ चाचपला आणि पंख्याचा पट्टा सैल केला. पंखा फिरला तर पाणी उडवून इंजिनभर करतो. आम्ही पुढची कांब घट्ट धरून बसलो होतो. पाणी पायांशी आले, गाडी एकदा दगडावरून घसरली, आणि मग बैल जसा धापा टाकीत पण न थांबता काठ चढतो तशी ती वर आली. भाचा आमच्याकडे पाहून असा हसला की, त्याच्या लहानपणीचे दिवस आठवले. त्या क्षणी ताईची बाजू आमच्या मनात फार दुबळी झाली होती.

पुढे एक वाट नदीपात्रातून थेट रानात जात होती. वनखात्याच्या रखवालदाराने ती अडविली. पूर्णा अभयारण्य १९९० साली घोषित झाले आहे. परवानगीवाचून आत जाता येत नाही आणि ठरलेली वाट सोडता येत नाही. भाचा थोडा हिरमुसला. रखवालदाराने वाळूत उमटलेल्या चाकांच्या जुन्या खुणा दाखविल्या. सुरतेहून आलेल्या कोणा हौशी मंडळींनी पात्र नांगरल्यासारखे करून ठेविले होते. बाजूच्या शेताच्या बांधावर वाघदेवाचा कोरीव लाकडी खांब उभा होता. वाघ या रानातून नाहीसा होऊन कित्येक वर्षे लोटली, बिबट्या तेवढा उरला. पण देव आपल्या जागी आहे. आम्ही गाडी वळविली.

आणि परतीच्या वाटेवर तो ट्रक भेटला.

एका पाड्याच्या उतारावर, ओल्या मातीत मागची चाके आसापर्यंत रुतलेली. भोवती चाळीसएक माणसे: बाया, मुले, भांड्यांची गाठोडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, दोन शेळ्या. ही उसतोडीची टोळी बारडोलीकडे निघाली होती. दिवाळी सरली की डांगचे आणि आपल्या धुळे-नंदुरबारचे सहस्रावधी लोक असेच दक्षिण गुजरातच्या उसात उतरतात आणि उन्हाळा आला म्हणजे परततात. मुकादमाने पावसाळ्यात, घरातले धान्य संपलेले असताना, उचल दिलेली असते; ती फेडण्यासाठी हा हंगाम. मजुरी माणसाच्या नावाने नव्हे, कोयत्याच्या नावाने मोजतात. एक तोडतो, दुसरा पाला काढून मोळी बांधतो, असा मिळून एक कोयता. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने या लोकांवर ग्रंथ लिहिले आहेत. सुरतेच्या चहात आम्ही जी साखर घातली, ती कोठून आली याचा विचार तोवर आमच्या मनात आला नव्हता.

भाच्याने हिरिरीने दोर बांधला, चारही चाके जुंपली आणि गाडी ओढावयास घातली. जीप थरथरली, चाकांनी माती उधळली, आणि दोर तटकन तुटला. पोरे हसली. ट्रक तसूभरही हलला नाही. जिपेचे बळ ते किती! अखेर मुकादमाने ट्रॅक्टर बोलाविला. तो यावयास रात्र होणार होती. मग तो आमच्याजवळ आला. एक म्हातारी आणि तिची दोन नातवंडे. धाकट्यास सकाळपासून ताप होता. त्यांना पुढे न्याल का, असे त्याने विचारले. त्याला दुखणाइताची काळजी होती की, काम करू न शकणारी माणसे आधी मार्गी लावावयाची होती, हे आम्हांस कळले नाही.

व्याऱ्यास दवाखान्यात पोराला दाखविले, औषध घेतले. म्हातारी वाटेत थोडे बोलली; तिची बोली आम्हांस निम्मीशिम्मी समजत होती. ती मुलगी असल्यापासून या वाटेने उसात जात आली होती. प्रथम चालत व्याऱ्यापर्यंत, मग ट्रकने. गाडीच्या पुढच्या आसनावर मात्र ती आजच बसली. मोठी नात किती इयत्ता शिकली असे विचारता, ती दिवाळीपर्यंतची शाळा शिकते, असे उत्तर मिळाले. भाचा जिपेविषयी काही बोलत नव्हता. सकाळी याच सडकेवर तो इंजिनाचे गुण गात होता.

बारडोलीजवळ टोळीचा पडाव होता: उसाचे वाढे आणि प्लास्टिकचे कागद यांच्या कमरेइतक्या उंच पाली, ओळीने. रात्रीचे दहा वाजले होते. म्हातारीने अंधारात एक मोकळी जागा पाहिली, गाठोडे ठेविले आणि ती तीन दगड शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी गाडीचा सौदा झाला. भाच्याने पैसे मोजले तेव्हा आम्ही शेजारी उभे होतो आणि काही बोललो नाही. ताईस फोन केला.

“घेतली ना त्याने?”

“घेतली. पण निम्म्या पैशांत. छपरासाठी एक लाख पाठवतो म्हणतो आहे.”

“एक लाखात अर्धेच छप्पर होईल. अर्ध्या छपराखाली मी कशी निजू?” ताईने विचारले. आमच्यापाशी त्याचे उत्तर नव्हते, आजही नाही. भाच्याने रविवारी जादा पाळ्या करून उरलेली रक्कम पावसाळ्याआधी भरण्याचे कबूल केले आहे. तो शब्द तो किती पाळतो ते पाहावयाचे. म्हणजे रविवारी रानात जाणे आता तूर्त दूरच.

गाडी धुताना मागच्या बाकाखाली त्याला लहान मुलाची एक रबरी चप्पल सापडली. जादा पाळ्या सुरू होण्यापूर्वीच्या रविवारी ती घेऊन तो बारडोलीस गेला. त्या शेतातला ऊस तोडून झाला होता आणि पडाव तेथून पुढे हलला होता.