झाडीच्या रात्रीतला जपान

१/१०
आरमोरी हा वैनगंगेकाठचा तालुका. त्याला लागून असलेले देसाईगंज, म्हणजे वडसा, हे झाडीपट्टी रंगभूमीचे माहेरघर. दिवाळीनंतर धान घरात आले की गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटक रंगते. या नाटकाचे संगीत रंगमंचालगत बसलेले वादक प्रत्यक्ष वाजवतात. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. ही सारी वाद्ये प्रेक्षकांना आपलीच वाटतात. त्यांतील काहींची वंशावळ मात्र थेट जपानपर्यंत जाते.

२/१०
प्रथम ऑर्गन. १८८७ साली जपानमधील हामामात्सु या गावातील शाळेचा परदेशी ऑर्गन बिघडला. तो दुरुस्त करण्यासाठी तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराला बोलावले. दुरुस्ती करता करता त्याने वाद्याची रचना समजून घेतली आणि नवा ऑर्गन घडवला. तो तपासून घेण्यासाठी सोबत्यासह खांद्यावरच्या काठीला टांगून, हाकोनेचा घाट ओलांडून, त्याने तो टोकियोला नेला.

३/१०
तेथे निकाल आला: बांधणी चांगली, सूर चुकीचे. यामाहा निराश झाला नाही. त्याने स्वरशास्त्राचे धडे घेतले आणि पुन्हा वाद्य बांधले. आज जगभर कीबोर्डवर झळकणारे ‘यामाहा’ हे नाव त्या कारागिराचे. पाश्चात्त्य ऑर्गन मराठी संगीत नाटकाने आपला केला, तसे जपाननेही तेच वाद्य आपले केले.

४/१०
दुसरे वाद्य बेंजो. वरातीत आणि गणेशविसर्जनात गाण्याची चाल ज्या तारांवर वाजते, ते हे वाद्य. अमेरिकेतील कातडे ताणलेल्या गोल बँजोशी त्याचे नावापुरतेच साम्य. त्याचा खरा पूर्वज ‘ताइशोगोतो’. १९१२ साली नागोयाच्या मोरिता गोरो यांनी पारंपरिक जपानी तंतुवाद्याला टाइपरायटरसारख्या कळा जोडल्या. एका हाताने कळ दाबायची, दुसऱ्या हाताने तार छेडायची. ताइशो सम्राटाचा काळ त्याच वर्षी सुरू झाला. त्यावरून हे नाव.

५/१०
कळांवर आकडे असल्यामुळे शिकणे सोपे झाले, आणि किंमतही सामान्यांना परवडणारी होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे वाद्य समुद्रमार्गे दूरवर पोहोचले. केनियाच्या किनाऱ्यावर ते तारब संगीतात शिरले, बलुचिस्तानात ‘बेंजू’ झाले, भारतात ‘बुलबुल तरंग’. येथील कारागिरांनी त्याला अखंड षड्ज-पंचम देणाऱ्या तारा जोडल्या. सुरांखाली आधारस्वर हवा, ही भारतीय कानाची गरज होती. पुढे त्याला वीज जोडली गेली आणि ते मिरवणुकीत उतरले. २०१६ साली रवी जाधव यांनी या वादकांवर ‘बँजो’ हा चित्रपट काढला.

६/१०
तिसरे ऑक्टोपॅड. वनस्पती तुपाला जसे सरसकट ‘डालडा’ म्हटले गेले, तसेच हे नाव. मुळात ते रोलँड कंपनीच्या १९८५ सालच्या आठ पट्ट्यांच्या वाद्याचे. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी तरुणपणी घड्याळे दुरुस्त केली होती. विजेवरची वाद्ये एकमेकांशी ‘बोलू’ शकतील, अशी ‘मिडी’ ही सामाईक पद्धत १९८३ साली आली. त्यामागे ज्यांचे प्रमुख प्रयत्न होते, त्यांत काकेहाशी एक.

७/१०
रोलँडच्या यंत्रांतून मुंबईत एक विलक्षण ध्वनिमुद्रिका जन्मली. चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग या यंत्रांवर, नृत्याच्या ठेक्यात वाजवले. त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगभरचे श्रोते थक्क झाले.

८/१०
आता जपानी वाद्यसंगीत ऐकायचे असेल, तर आरंभ कोठून करावा? परंपरेसाठी मिचियो मियागी यांची ‘हारु नो उमी’ (१९२९): कोतो आणि शाकुहाची बासरी. दृष्टी गमावलेल्या या कलावंताने वसंतातला समुद्र सुरांत उभा केला. जॅझसाठी र्‍यो फुकुई यांची ‘सीनरी’ (१९७६). त्यांनी बाविसाव्या वर्षी पियानो हाती घेतला आणि स्वतःच शिकले.

९/१०
यंत्रसंगीतासाठी ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’चा १९७८ सालचा पहिला अल्बम. संथ, विस्तीर्ण सुरांसाठी कितारो यांनी एनएचके वाहिनीच्या १९८० सालच्या ‘सिल्क रोड’ मालिकेला दिलेले संगीत. आणि खेळांच्या संगीतासाठी कोजी कोंदो यांचे ‘सुपर मारिओ’ (१९८५): मोजक्या ध्वनिवाहिन्यांत बांधलेली, एकदा ऐकली की न विसरणारी चाल.

१०/१०
वाद्य ‘आपले’ कशाने होते? जन्मस्थानाने नव्हे. जपानने युरोपचा ऑर्गन घेतला, बलुच आणि भारतीय कारागिरांनी जपानची तार घेतली. प्रत्येकाने तीत स्वतःचा कान ओतला. म्हणून खरी चिंता परदेशी वाद्यांची नाही. ध्वनिमुद्रित संगीत स्वस्त होते, तेव्हा पहिला बळी वादकाचा जातो. वाद्य दुकानात पुन्हा मिळते. पण पात्राचा श्वास पाहून सूर थांबवणारा वादक तयार व्हायला वर्षे लागतात. झाडीपट्टीचे नाटक आजही अशा वादकांना रात्रभर बसायला जागा आणि पोटाला काम देते. इतिहासाच्या अभ्यासकाने तिकीट काढून ते ऐकावे, आणि वादकांची नावेही टिपून ठेवावीत. पडद्यावरच्या नावांत ती सहसा शेवटी येतात.