न्यूयॉर्कचे थंडीतले बिस्किट

२०१८ सालच्या ऑक्टोबरात आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो. लेक-जावई तेव्हा जर्सी सिटीत राहत. हडसन नदी ओलांडली की न्यूयॉर्क. आमच्या मनात एकच होते, परमपूज्य बाबासाहेब जिथे शिकले ते कोलंबिया विद्यापीठ डोळ्यांनी पाहायचे. बाकीच्या उंच इमारती नंतर पाहिल्या तरी चालणार होत्या. तिकडचे पुष्कळ सांगण्यासारखे आहे, पण आज सांगतो ते एका बिस्किटाबद्दल.

आम्ही पोचलो त्याच आठवड्यात शेजारची म्हातारी दार वाजवून आत आली. हातात पिवळा खोका, आणि चेहरा असा की जणू पोर माहेरी आली आहे. खोक्यावर नाव होते मॅलोमार. खाली गोल बिस्किट, त्यावर मार्शमेलो म्हणजे साखरेचा पांढरा लुसलुशीत गोळा, आणि वरून काळ्या, जरा कडसर चॉकलेटचे पातळ कवच. दात लावला की कवच कटकन फुटते आणि आतला गोळा जिभेवर विरघळतो. म्हातारीचा बाप होबोकेनच्या गोदीत हमाली करायचा. थंडीची चाहूल लागली की पगाराच्या दिवशी तो असा एक खोका आणी, आणि पाच भावंडांत मोजून वाटी. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. लेक आम्हाला मराठीत सांगत होती, पण गोदी, हमाली आणि पगाराचा दिवस आम्हाला न सांगताच कळले असते.

हे बिस्किट उन्हाळ्यात मिळत नाही. चॉकलेट अंगाच्या उबेनेही पाघळते. जुन्या काळी ना थंड गाड्या, ना दुकानात वातानुकूलन, म्हणून कंपनी गरमीत ते बनवतच नसे. आता सगळी सोय आहे, तरी रिवाज तोच राहिला. साधारण सप्टेंबरात ते दुकानात येते आणि वसंत सरता सरता दिसेनासे होते. खप बहुतेक न्यूयॉर्क आणि आसपासच. शौकीन लोक खोके घेऊन बर्फाच्या कप्प्यात दडवून ठेवतात. (आमच्या सौ. म्हणाल्या, आपल्याकडे लोणच्याची बरणी, त्यांच्याकडे हे!) कंपनीने मुद्दाम टंचाई ठेवून मागणी वाढवली, असेही आम्हाला वाटते. पण म्हातारीला ते पटले नसते, म्हणून बोललो नाही.

आणखी एक गोष्ट. मार्शमेलोला जो मऊपणा येतो तो जिलेटीनने, आणि जिलेटीन निघते जनावरांच्या हाडाकातड्यातून. ज्या हाडाकातड्याला हात लावला म्हणून आमच्या आज्या-पणज्यांना गावाबाहेर ठेवले, ते जगभर मिठाईत घालून खातात. मढी ओढणे आमच्या आज्याने बाबासाहेबांच्या सांगण्यावरून सोडले होते. त्याची आठवण त्या पिवळ्या खोक्याने व्हावी, हे नवलच.

खरे नवल पुढे आहे. लेकीने वाचून दाखवले की हे बिस्किट पहिल्यांदा विकले गेले ते १९१३ साली, वेस्ट होबोकेनच्या एका वाण्याला. ते गाव आता युनियन सिटीत सामावले आहे, लेकीच्या घरापासून जवळच. १९१३! त्याच साली जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. वय बावीस. बडोद्याची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, त्यातूनच रमाईंना घरखर्चाला पाठवायचे. तरी तिथे त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली, असे चरित्रात आहे.

दुसऱ्या दिवशी नदीखालून जाणाऱ्या गाडीने पलीकडे गेलो आणि १ नंबरच्या सबवेने ११६व्या रस्त्यावर उतरलो. हे स्टेशन १९०४चे, म्हणजे बाबासाहेबांच्या वेळीही होते. जिथे ते पारशी मित्र नवल भथेनांबरोबर राहिले त्या लिव्हिंग्स्टन हॉलला आता वॉलॅक हॉल म्हणतात. आम्ही बाहेरूनच हात जोडले. लेहमन ग्रंथालयात त्यांचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. तिथे शिकणाऱ्या ओळखीच्या मुलीने आत नेले. चारी बाजूंना पोरे मान खाली घालून वाचत होती. आम्हाला मोठ्याने ‘जय भीम’ म्हणायचे होते, ओठांतच म्हटले.

परतताना त्याच रस्त्यावरच्या दुकानात तो पिवळा खोका दिसला. आम्ही थबकलो. वरळीच्या चाळीत आमच्या लहानपणी गोड वर्षातून दोनदाच नक्की मिळे, १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. कागदाच्या पुडीत मूठभर बुंदी. धाकट्या बहिणीची आम्ही दोनदा लांबवली होती, ती अजून ऐकवते. तिच्या नातवंडांसाठी दोन खोके घेतले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुंबईत उतरलो तेव्हा ऊन भाजत होते. चाळीत पोचेतो कवच पाघळून कागदाला चिकटले होते. पोरांनी ते कागदावरून चाटून खाल्ले. आम्ही म्हणालो, “बाबासाहेब अमेरिकेला गेले त्या सालचे बिस्किट आहे हे.” बहिणीच्या नातीने विचारले, “मग त्यांनी पण खाल्लं होतं का?”

“ते काही कुठे लिहिलेलं नाही बाळा. पुस्तकं घेतल्याचं मात्र लिहिलंय.”

तिने बोटे चाटली आणि दुसरे मागितले. बहीण दारात उभी होती. तिच्या हातावर एक अख्खे ठेवले, म्हटले, हे बुंदीचे.