पुलाखालचं गाव

एसटीतून जाताना नदीवरचा पूल आला की आपण काय करतो? खिडकीतून पाणी बघतो, एखादी आजी नाणं टाकून हात जोडते, आणि पूल संपतो. पण मित्रांनो, कधीतरी पुलाच्या वरून नाही, खालून जाऊन बघा!

भीमेकाठच्या एका जुन्या दगडी पुलाखाली मी फेब्रुवारीत असाच उतरलो. मान वर केली, तर कमानीला मातीचं अख्खं गाव चिकटलेलं! मधमाश्यांच्या पोळ्यासारखे एकाला एक लागून मातीचे गोळे, आणि प्रत्येकाला बाटलीच्या मानेसारखं आखूड तोंड. त्या तोंडातून एक तांबूस टोपी डोकावली आणि सुर्र्कन पाण्यावर झेपावली.

ही भिंगरी. भिंगऱ्या पुष्कळ प्रकारच्या, पण ही त्यांतली चिमुकली. लांबी ११-१२ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहूनही लहान, आणि वजन जेमतेम १० ग्रॅम. पाठ चकचकीत निळी, पोट पांढुरकं, आणि गळ्यावर-छातीवर पेन्सिलीनं ओढल्यासारख्या काळसर रेघा. रेघा दिसल्या की ओळख पटली! शेपटी जवळजवळ सरळ कापलेली. तिची बहीण, तारवाली भिंगरी, शेपटीला दोन लांब तारा मिरवते. पण तिचं घरटं उघड्या वाटीसारखं, आणि जोडपं आपलं एकटं राहतं. आपल्या बाईसाहेबांना मात्र शेजार लागतो. कधी कधी तर शेकडो घरटी एका जागी!

पुलाखाली पाकोळ्याही राहतात, तेव्हा फसू नका हं. पाकोळीला तारेवर बसता येत नाही, भिंगऱ्या मात्र रांगेनं बसतात.

एडवर्ड ब्लाइथ या पक्षितज्ज्ञानं १८५५ साली हिला शास्त्रीय नाव दिलं. त्याचा अर्थ ‘नदीवर राहणारी’. अफगाणिस्तानच्या पूर्व भागापासून पाकिस्तान, नेपाळचा पायथा आणि आपला भारत, एवढंच हिचं मुख्य जग. थंडीत वायव्येकडच्या भिंगऱ्या खाली सरकतात, आपल्याकडच्या बहुतेक इथंच राहतात. पूर्वी ती नदीकाठच्या कड्यांवर घरं बांधायची. मग माणसानं पूल, धरणं, कालवे बांधले, आणि हिला नवे कडे मिळाले. फुकटात!

फुकटात म्हणावं तर तसंही नाही. पुढच्या वर्षी मी त्याच पुलाखाली गेलो. पुलाची डागडुजी झाली होती. कमान कोरी करकरीत, आणि खाली खडकांवर मातीच्या खापऱ्या पडलेल्या. बांबूनं पाडली, असं जाळं विणत बसलेल्या एका मासेमाऱ्यानं सांगितलं. “आत पिल्लं होती का?” मी विचारलं. तो काही बोलला नाही.

काम करावंच लागतं, पूल पडून कसं चालेल? पण पिल्लं उडून जाईपर्यंत थोडं थांबता आलं नसतं का? अंडी-पिल्लं असलेलं घरटं मोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंही गुन्हा आहे.

तेवढ्यात एक भिंगरी काठावर उतरली. चोचीत चिखलाची गोळी घेतली आणि कोऱ्या दगडाला नेऊन चिकटवली. मग दुसरी आली. संध्याकाळपर्यंत दगडावर हाताच्या पंजाएवढा ओला डाग झाला होता.

पाणी कमी असताना, घरच्या मोठ्या माणसांबरोबर तुमच्या जवळच्या पुलाखाली जा. दगड मारू नका, लांबूनच घरटी मोजा. आणि किती भरली, ते मला कळवा बरं का!